बिघडलेला नग कोणाचा?

लीडलेस, म्हणजे बिनतारेचा, पेसमेकर बसवताना कधी कधी बसत नाही. जांघेतल्या शिरेतून नळी आत गेलेली असते. मोठ्या कॅप्सूलएवढे यंत्र हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात पोचलेले असते. आणि मग यंत्राचे आकडे हृदयाच्या स्नायूत धरत नाहीत. किंवा मुठीवरची कळ सरकवली तरी यंत्र नळीच्या टोकातून पुरते सुटत नाही. किंवा सुटते, पण यंत्राला मागून धरणारा दोरा निघायला तयार नसतो. डॉक्टर थांबतात, यंत्र परत ओढून घेतात, बाहेर काढतात. दुसरे खोके उघडले जाते. दुसरे बसते. बाहेर नातेवाइकांना सांगतात, सगळे नीट झाले. ते खोटे नसते.

पहिल्या नगाचे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

तो सहसा कंपनीच्या माणसाबरोबर जातो. हा माणूस कॅथलॅबमध्ये, म्हणजे हे यंत्र बसवतात त्या खोलीत, हजर असतोच. यंत्र त्याने आणलेले असते, यंत्र जुळवायचा प्रोग्रामर त्याच्या ताब्यात असतो, आणि कुठली कळ किती सरकवायची हे तिथल्या अनेकांपेक्षा त्याला अधिक ठाऊक असते. त्याच्या असण्यात गैर काही नाही. नवे अवजार असेल तर तो असलेलाच बरा. बिघडलेला नग कंपनीच्या प्रयोगशाळेत उघडून पाहिला जावा, हेही योग्यच. पण रुग्णाच्या फाइलीत स्टिकर लागते ते बसलेल्या यंत्राचे. न बसलेल्याचा क्रमांक कुठे आहे? टेबलावर नेमके काय अडले, ते कोणी लिहिले? टिपणात 'दुसरे यंत्र वापरले' एवढी ओळ सापडली तरी रुग्ण नशीबवान म्हणायचा.

जालना जिल्ह्याला हा प्रश्न परका वाटू नये. हा बियाण्यांचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको उभी केली, आणि पुढे बियाणे कंपन्यांची रांगच लागली. साहजिकच 'पेरले पण उगवले नाही' ही तक्रार कशी करायची, हेही इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. दर खरिपाला कृषी विभाग बजावतो: पक्की पावती घ्या. पिशवी खालून फोडा, म्हणजे वरचा टॅग शाबूत राहील. मूठभर बियाणे पिशवीतच शिल्लक ठेवा. टॅगवर लॉट नंबर असतो. उगवण झाली नाही तर तालुक्याची तक्रार निवारण समिती बांधावर येते. तिच्यात कृषी अधिकारी असतात, कृषी विद्यापीठाचा शास्त्रज्ञ असतो. कंपनीच्या प्रतिनिधीलाही बोलावतात. पंचनामा होतो. दोष बियाण्याचा की पेरणीच्या खोलीचा, ओलीचा, हे तिथे ठरते.

ही व्यवस्था फार चांगली चालते असे नाही. भरपाईसाठी चपला झिजतात. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, मग गुन्हे नोंदवले गेले. पण इतक्या ढिसाळ व्यवस्थेतही एक गोष्ट कोणी मान्य करणार नाही. कंपनीचा माणूस बांधावर आला, उरलेले बियाणे आणि टॅग घेऊन गेला, आणि 'तपासून कळवतो' म्हणाला, तर गाव त्याला वेशीबाहेर जाऊ देणार नाही.

काही लाखांचे यंत्र मात्र तसेच जाते. पंच नाहीत, पंचनामा नाही, आणि ज्याच्या हृदयापर्यंत ते जाऊन आले त्याला खबरही नाही.

यंत्र अडले तर डॉक्टरने काय करायचे, याबद्दल वाद नाही. ते शिकवलेले असते. दोरा शेवटपर्यंत हातात ठेवायचा. चार आकड्यांच्या यंत्रात किमान दोन आकडे हृदयाच्या स्नायूत रुतलेले एक्स-रेवर दिसल्याशिवाय, दोरा हलके ओढून खात्री केल्याशिवाय, आणि विजेची मोजमापे मनासारखी आल्याशिवाय तो कापायचा नाही. कापल्यावर यंत्र सुटले तर ते रक्ताबरोबर फुफ्फुसाच्या धमनीकडे जाऊ शकते, आणि मग फास टाकून शोधत बसावे लागते. नळीच्या टोकाशी रक्ताची गुठळी धरली असेल तर जोर लावायचा नाही, सगळे बाहेर काढायचे. रुग्णाचे ठोके या यंत्रावरच अवलंबून राहणार असतील तर तात्पुरता पेसमेकर आधीच लावलेला हवा. सोनोग्राफी जवळ हवी. हृदयाभोवती रक्त साचले तर ते काढायची सुई हवी, आणि छाती उघडू शकणारा सर्जन हाकेच्या अंतरावर हवा. ज्या नळीतून हे सारे जाते ती बाहेरून सुमारे ९ मिलिमीटर जाड असते. शीर फार मोठी नसते, नळी तिच्याहून थोडीच लहान. प्रत्येक जास्तीच्या फेरीला किंमत आहे.

म्हणूनच पहिला नग का बसला नाही, हे महत्त्वाचे. दोष तीन ठिकाणी असू शकतो. यंत्रात, हातात, किंवा त्या रुग्णाच्या हृदयाच्या ठेवणीत. तिन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात त्या लॉटचे बाकीचे नग तपासायला हवेत. दुसऱ्यात डॉक्टरला आणखी शिकायला हवे. तिसऱ्यात कदाचित या रुग्णाला जुना, तारेचाच पेसमेकर बरा होता. आणि हा निवाडा आज कोण करते? ज्याने यंत्र विकले तो.

अमेरिकेत निदान कागद उघडा असतो. तिथल्या औषध प्रशासनाकडे यंत्रांच्या बिघाडांची नोंदवही आहे आणि ती कोणालाही इंटरनेटवर वाचता येते. मिनिआपोलिसचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट हाउझर आणि त्यांचे सहकारी ही वही वाचत बसले. मायक्रा हा लीडलेस पेसमेकर बसवताना किंवा बसवल्यावर महिन्याभरात हृदयाला छिद्र पडल्याच्या ५६३ नोंदी त्यांना सापडल्या. त्यांतले १५० रुग्ण दगावले होते. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, की त्या वेळी काही अडले होते का? १३९ नोंदींत यंत्राची अडचण होती, ७८ मध्ये वापरणाऱ्याची, ६२ मध्ये दोन्ही. म्हणजे छिद्र पडलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांच्या नोंदीत आधी काहीतरी बिनसल्याचा उल्लेख होता. यंत्राच्या अडचणींत बहुतेक एकाच जातीच्या होत्या. यंत्र जागेवर नीट बसत नव्हते किंवा मोजमापे जुळत नव्हती, म्हणून पुन्हा उचलावे लागत होते, पुन्हा टेकवावे लागत होते.

या आकड्यांवरून यंत्र वाईट ठरत नाही. अशा नोंदवहीत एकूण किती यंत्रे बसली ते कळत नाही, त्यामुळे प्रमाण काढता येत नाही. याच यंत्राच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७२५ पैकी ७१९ जणांत ते बसले होते. ज्या सहा जणांत बसले नाही, त्यांचाही हिशेब छापून आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने डॉक्टरांना पत्र लिहिले तेही मोजूनमापून होते. लीडलेसमध्ये छिद्र पडण्याचे प्रमाण तारेच्या पेसमेकरएवढेच दिसते, पण पडले तर परिणाम अधिक गंभीर होताना दिसतात, असे. हे शहाणपण छोट्या छोट्या, कंटाळवाण्या नोंदींतून आले. कोणीतरी अमुक क्रमांकाचे यंत्र तीनदा उचलून टेकवावे लागले असे लिहिले होते, म्हणून आले.

नोंद फक्त कंपनीच्या कपाटात राहिली तर काय होते, तेही हाउझर यांना ठाऊक होते. २००५ साली तिथे २१ वर्षांचा एक विद्यार्थी मरण पावला. त्याच्या छातीत गायडंट कंपनीचा डिफिब्रिलेटर होता आणि ऐन वेळी त्यात शॉर्टसर्किट झाले. यंत्र कंपनीकडे गेले. तेव्हा उलगडले की हा दोष कंपनीला आधीपासून माहीत होता, २००२ मध्ये तिने नव्या उत्पादनात तो दुरुस्तही केला होता. डॉक्टरांना मात्र कळवले नव्हते. हाउझर आणि त्यांचे सहकारी बॅरी मॅरन यांनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणले नसते तर आणखी किती काळ कळले नसते, कोण जाणे. बिघडलेले नग एकाच दारातून आत जात होते. ते दार बाहेरच्यांना बंद होते.

लीडलेसच्याच घराण्यात नॅनोस्टिमचे उदाहरण आहे. मायक्राच्या आधी बाजारात आलेले यंत्र. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बॅटरी अचानक जाते म्हणून ते बसवणे थांबवावे लागले. पुढच्या वर्षी लक्षात आले की यंत्र परत काढण्यासाठी पकडायचे जे बटण होते, तेच तुटू शकते. दोन्ही दोष बसवलेल्या यंत्रांचे. दोन्ही कळले, कारण बिघडलेले नग मोजले जात होते.

आपल्याकडे मोजण्याची सोय नाही असे नाही. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम ६ जुलै २०१५ रोजी सुरू झाला. त्याचे काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालते. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार गंभीर आणि अनपेक्षित घटना कानावर आल्यापासून १५ दिवसांत परवानाधारकाने कळवायची आहे. आता हा नियम जरा नीट वाचा. बंधन परवानाधारकावर, म्हणजे बनवणाऱ्यावर किंवा आयात करणाऱ्यावर आहे. डॉक्टरने, रुग्णालयाने कळवणे ऐच्छिक. आणि 'गंभीर घटना' कशाला म्हणायचे? यंत्र बसले नाही, काढले, दुसरे बसवले, रुग्ण घरी गेला. यात गंभीर काय झाले? कागदोपत्री काहीच नाही. ही पळवाट कोणी मुद्दाम ठेवली असेल असे नाही. पण बिघडलेले नग तिच्यातूनच निघून जातात. शिवाय अमेरिकेसारखी एकेक नोंद वाचता येईल अशी वही इथे लोकांसाठी उघडी नाही. त्यामुळे इथला कोणी हाउझर बसून वाचणार तरी काय?

नोंद न ठेवण्याची किंमत महाराष्ट्राने एकदा पाहिली आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर हा खुब्याचा कृत्रिम सांधा. ऑस्ट्रेलियात सांधेबदलाची राष्ट्रीय नोंदवही होती. तिच्यात या सांध्याचे आकडे बिघडलेले दिसले आणि २००९ च्या अखेरीस तो तिथल्या बाजारातून गेला. जगभरातून ऑगस्ट २०१० मध्ये मागे घेतला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पुढे गुन्हा नोंदवला, ते बरेच केले. पण केंद्राच्या समितीने हिशेब मांडला तेव्हा भारतात झालेल्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांपैकी साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. माणसे चालत होती, लंगडत होती, गोळ्या खात होती. कुणाच्या खुब्यात कोणता नग आहे ते कुणालाच माहीत नव्हते. तो तर बसवलेला सांधा. न बसलेल्या यंत्राचा माग काढायचे मनावर घेईल कोण?

डॉक्टर मंडळी यावर एक गोष्ट सांगतात, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पहिले यंत्र बसले नाही असे लिहून दिले की उद्या तोच कागद ग्राहक आयोगात पुढे येतो. त्याआधी रुग्णालयाच्या काचा फुटतात ते वेगळेच. ही भीती खरी आहे. पण ती न लिहिण्याच्या बाजूने जाते की लिहिण्याच्या? काहीच लिहिलेले नसेल तर उद्या सगळा दोष हाताचाच ठरेल, कारण यंत्र तर कंपनीच्या कपाटात गेलेले असेल. आपल्या बाजूचा एकमेव साक्षीदार डॉक्टर स्वतःच्या हाताने विरुद्ध पक्षाच्या स्वाधीन करतो, आणि त्याला सावधगिरी म्हणतो. मटेरिओव्हिजिलन्सकडे कळवणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे. कळवणाऱ्याचे नावही गुप्त राहते. तरी हात अडखळतो. कारण कॅथलॅबमध्ये शेजारी जो उभा असतो तो उद्याही उभा राहणार असतो. पुढच्या परिषदेचे निमंत्रण तोच आणणार असतो. हे कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते.

पेसमेकरच्या धंद्यात सुरुवातीला तरी बिघाड लपवण्याची परंपरा नव्हती. माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसला ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात. सर्जन ओके सेनिंग, अभियंता रूने एल्मक्विस्ट, रुग्ण आर्ने लार्सन. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. दुसरे तयार होते, ते बसवले. ही गोष्ट आज जगाला माहीत आहे, कारण त्या मंडळींनी ती सांगितली. लार्सन पुढे २००१ पर्यंत जगले आणि तोवर त्यांनी वीसहून अधिक पेसमेकर वापरले. पहिले बंद पडले हे सांगितल्याने सेनिंग यांची अब्रू गेल्याचे कोणी ऐकलेले नाही.

लीडलेस यंत्राची गरज कोणाला पडते, तेही पाहायला हवे. डायलिसिसवर असलेले, जुन्या पेसमेकरच्या जागी जंतुसंसर्ग झालेले, छातीकडच्या शिरा बंद पडलेले रुग्ण. त्यांतले बरेच वयस्क. जालन्याचा असा रुग्ण सहसा संभाजीनगर गाठतो, नाहीतर पुणे, मुंबई. सोबत मुलगा असतो, त्याने उसनवारी केलेली असते. त्याला सहीसाठी कागद पुढे केला की तो सही करतो. दोन खोकी उघडली की एक, हे त्याला कळायचे ठिकाण एकच, ते म्हणजे बिल. उघडलेल्या पण न बसलेल्या नगाचे, त्याच्या नळीचे पैसे कोणाच्या नावावर पडले, हे बिलात शोधून पाहावे. कंपनीने सोसले असतील तर कंपनीने बिघाड मान्य केला असा अर्थ निघतो, आणि मग तसा कागद हवा. रुग्णाच्या माथी पडले असतील तर तो ज्याचे पैसे देतो ते त्याचे झाले, आणि मग ते कंपनीच्या पिशवीत कसे गेले? दोन्हीपैकी एक काहीतरी खरे असणार.

करायचे ते फार थोडे आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही. दोन्ही खोक्यांवरची स्टिकरे फाइलीत लावायची, बसलेल्याचे आणि न बसलेल्याचेही. डिस्चार्जच्या कागदावर दोन ओळी जास्त लिहायच्या. नग कंपनीला देण्याआधी त्याचे फोटो काढायचे, आणि एक्स-रेची चित्रफीत जपून ठेवायची. आकडे रुतले होते की नव्हते, दोरा कुठे अडकला, हे त्या चित्रफितीइतके स्वच्छ कोणीच सांगणार नाही, आणि पुसून टाकली जाते तीही तीच. नग देताना पोच घ्यायची. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मटेरिओव्हिजिलन्सचा अर्ज भरायचा, रुग्ण ठणठणीत असला तरी भरायचा. रुग्णालाही तो भरता येतो. १८००-१८०-३०२४ हा क्रमांक मोफत आहे. तो कॅथलॅबच्या दारावर लावायला काय हरकत आहे?

जालन्याला आता स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा महाविद्यालयांचे एकदम उद्घाटन झाले त्यांतले ते एक, १०० जागांचे. तिथे लीडलेस पेसमेकर बसायला वेळ लागेल. पण सलाइनचा पंप, भूलयंत्राची झडप, प्रसूतीचा मॉनिटर रोज बिघडणारच आहेत. बिघडलेल्या उपकरणाचा क्रमांक लिहून, अर्ज भरून, मगच ते दुरुस्तीला सोडायचे, ही सवय पहिल्या तुकडीला लागली तर दहा वर्षांनी त्यांतलाच कोणी हृदयरोगतज्ज्ञ होईल, तेव्हा कॅथलॅबमध्ये त्याला हे नव्याने सांगावे लागणार नाही. जुन्या महाविद्यालयांत ही सवय मोडीत निघालेली आहे. नव्यात ती अजून लागायचीच आहे.

कंपनीच्या प्रयोगशाळेतून तपासणीचा अहवाल कधी ना कधी येतो. दोन-तीन पाने असतात. आकडे वाकले होते, दोरा पिळला होता, किंवा 'यंत्रात दोष आढळला नाही'. हे पत्र डॉक्टरच्या नावे येते आणि त्याच्या ड्रॉवरमध्ये जाते. रुग्णाचा पत्ता फाइलीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो, पिनकोडसकट.